आकाशदफ्तरी कोरा श्रीकार पडला त्याची हकीकत

गजाननास नमन, शारदेस नमन, आणि जे देव विजेच्या तारांत वास करितात त्यांसही नमन असो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, चैत्र शुद्ध प्रतिपदा, आदित्यवार, ते दिवशी राज्यात जे नवल वर्तले ते जैसे ऐकिले तैसे लिहितो. पदरचे घातले असेल तर ते थोडकेच.

राज्यात दवाखाने तीनशे, आणि कोणत्या दुखण्यास औषध किती द्यावे याचा तक्ता प्रत्येक दवाखान्याच्या पडद्यावर उमटे. राजवैद्य तो तक्ता लिहून आकाशदफ्तरी ठेवीत. आकाशदफ्तर म्हणजे ज्यास लोक क्लाउड म्हणतात ते. त्यास ना भिंत ना छप्पर, आणि कागद मात्र लाखो. मग रखमाजी चिटणीस तो कागद उतरवून घेत आणि प्रोग्राम घडविणारांच्या कारखान्यात नेऊन देत, आणि तेथे कसोटी होई, आणि मग तक्ता मुलुखभर रवाना होई. यात तीन दिवस जात. मग कारखान्याच्या मुख्य वेणूताई यांनी एक बिनदेही चाकर उभा केला. त्यास हुकूम ऐसा की, आकाशदफ्तरात 'मंजूर' नामे खणात जे पडेल ते उचलावे, कारखान्यात न्यावे, आकड्यांत चूक दिसल्यास अडवावे, न दिसल्यास तीनशे ठिकाणी पोचते करावे. पहिले दिवशी रखमाजींनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढविला तो तक्ता पोचलाही होता. रखमाजींनी तोंडात बोट घातले आणि म्हणाले, "मारुतीरायासही औषधी आणायला रात्र लागली हो!" आणि खरोखरीच त्यांचे अंगावर काटा आला.

पुढे पाडवा आला. रखमाजींची चाल ऐसी की, नव्या वर्षाच्या पहिल्या पानावर फक्त श्री लिहावे, दुसरे अक्षर नाही, आणि जेथून काम निघते तेथे ते पान ठेवावे. आता कागद उरला नव्हता, म्हणोन त्यांनी कोऱ्या फाईलीत श्री लिहिले, पडद्यास हळदकुंकू वाहिले आणि फाईल मंजूर खणात ठेविली. चाकराने ती उचलिली. कसोटी लाविली, आकडाच नाही, मग चूक कोठून असावी? आणि पापणी लवते न लवते तो तीनशे दवाखान्यांतील तक्ते पुसले जाऊन पांढऱ्या पडद्यावर मधोमध श्री तेवढे राहिले. लोकांस वाटले, राजधानीने सणाचे दर्शन धाडिले. कोणी हात जोडिले, कोणी फूल वाहिले, एके ठिकाणी नारळही फुटला. दोन घटका कोणी तक्रार म्हणून केली नाही.

मग घाटावरील दवाखान्यातून तुळसाबाई परिचारिकेचा फोन आला. "चिटणीस, दर्शन झालं, लई बरं वाटलं. पर दोन वर्साचं लेकरू तापानं फणफणलंय म्होरं. थेंब किती द्यायचं, त्यो तक्ता कुठं गेला?"

रखमाजी ओरडले, "बाई, अंदाजाने काही देऊ नका!"

"मी न्हाई द्यायची. पर लेकराचं डोळं फिराया लागलंत, बिगी करा."

फोन कानाशी तैसाच धरून रखमाजी धावत वेणूताईंकडे आले आणि म्हणाले, "ताई, पाप माझं आहे. त्या लेकराला काही झालं तर मी तोंड कुठे दाखवू?" वेणूताई म्हणाल्या, "काका, आधी बसा. चाकर जुनं काही टाकत नाही. कालचा तक्ता, परवाचा, पहिल्या दिवसाचा, सगळे जसेच्या तसे आहेत. पडद्यावर कालच्यावर बोट ठेवा, तोच पुन्हा सगळीकडे जाईल." रखमाजींनी बोट ठेविले, आणि फोनमध्ये तुळसाबाई ओरडली, "आला! आला तक्ता!" आणि घटकाभराने सांगो लागली की ताप उतरला, लेकरू दूध मागते. रखमाजी ढसढसा रडले. गेलेला काल देवासही परत आणिता येत नाही, तो या चाकराने आणिला, हे त्यांचे मनी मावेना.

दरबारी मुत्सद्दी म्हणाले, चाकर काढावा. रखमाजी पुढे होऊन बोलिले, "महाराज, त्याने हुकूम मोडला नाही. न बघता टाकलं ते मी. शिक्षा मला." महाराजांनी आज्ञा केली, "धावणे त्यास उदंड येते, थांबणे शिकवा. रवाना करण्याआधी त्याने एका माणसास पुसावे, आणि तो होय म्हणेल तरच जावे. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो. तो माणूस रखमाजीच असावा."

दुसरे दिवशी राजवैद्यांचा तक्ता आला. चाकराने तो क्षणात कसोटीस लाविला आणि रखमाजींचे पडद्यापाशी येऊन थांबला. अक्षरे उमटली: पाठवू? रखमाजींनी तक्ता तीन वेळा वाचिला, एक थेंब दोनदा मोजिला. चाकर उभाच. मग खोलीत दुसरे कोणी नसता ते मोठ्याने म्हणाले, "होय," आणि बोट ठेविले.

एकूण हकीकत इतकी की, तक्ता गेला, तक्ता आला, लेकरू जगले, आणि बत्तीस वर्षे ज्यांनी कागद वाहिले आणि ज्यांस कोणी काही पुसिले नाही, त्यांस अखेर कोणी पुसिले.