प्रमाणित फरशी

वजनमापे कार्यालयातील एका निरीक्षकाने घरी वापरण्यासाठी डिजिटल वजनकाटा विकत घेतला, यात प्रथमदर्शनी आक्षेपार्ह असे काही नव्हते. पुढे जे घडले त्याची जबाबदारी काट्यावर टाकता येत नाही. काटा शेवटपर्यंत निर्दोष होता.

या निरीक्षकाला बाजारात गुंजसाहेब म्हणत. मापात गुंजभर फरक पडला तरी ते काट्याला सील ठोकत, म्हणून हे नाव. त्यांच्या तळहातात म्हणे जन्मतःच तराजू होता. पुडा हातावर ठेवला, डोळे किंचित मिटले, की झाले. "कमी आहे," ते म्हणत. दुकानदार हात जोडायचा आणि गिऱ्हाइके टाळ्या वाजवायची. या टाळ्यांवर गुंजसाहेब जगत. जेवण ते वेगळे घेत, आणि भरपूर घेत.

गोष्ट सुरू झाली त्या दिवशी त्यांनी आपल्याच गल्लीतल्या किराणावाल्याचा काटा पकडला होता. किलोभर साखर दाखवत होता आणि पुड्यात किलो भरत नव्हता.

"साहेब, काट्याचा काही दोष नाही हो," किराणावाला काकुळतीला आला. "जमीन वरखाली आहे. काटा सरळ बसत नाही, त्याला तो बिचारा काय करणार?"

"मी काटा तपासायला आलोय, जमीन मोजायला नाही," गुंजसाहेब म्हणाले. "नाचता येईना, अंगण वाकडं! ठोका हो याला सील."

टाळ्या पडल्या. गुंजसाहेब तरंगतच कार्यालयात आले आणि टेबलावरचे परिपत्रक वाचून खाली उतरले.

परिपत्रक उपनियंत्रकांच्या सहीचे होते. "जो अधिकारी स्वतः प्रमाणात नाही, त्याने इतरांचे प्रमाण तपासणे सुसंगत नाही," असे त्यात म्हटले होते. सबब, प्रत्येकाने उंचीला साजेसे वजन राखावे. जे राखणार नाहीत त्यांची बाजारातली तपासणी बंद होऊन बदली तळघरातल्या जुन्या कागदपत्रांच्या खोलीत होईल. कार्यालयातले काटे मात्र यासाठी वापरू नयेत, कारण ते केवळ मालासाठी असून अधिकारी हा माल नव्हे. प्रत्येकाने घरच्या डिजिटल काट्यावर उभे राहावे आणि आकडा व दोन्ही पायांचे अंगठे स्पष्ट दिसतील असे छायाचित्र सादर करावे.

"अंगठे कशाला?" गुंजसाहेबांनी हेडक्लार्कला विचारले.

"ओळख पटायला. नाहीतर उद्या कोणी आपल्या पोराला उभं करेल."

"आणि अंगठ्यावरून माणूस तुम्ही कसा ओळखणार?"

"तेच तर," हेडक्लार्क म्हणाला. "उद्या सगळ्यांनी एकदा मोजे काढून माझ्याकडे येऊन जा."

अशा रीतीने काटा घरात आला. काचेचा, चपटा, निळे आकडे दाखवणारा. गुंजसाहेबांनी तो बाथरूमच्या मध्यभागी ठेवला, चष्मा काढला, घड्याळ काढले, एक दीर्घ श्वास सोडला आणि वर चढले. आकडा पाहून त्यांनी तो श्वास तातडीने परत घेतला. ते चार किलोंनी जास्त होते.

"काटा खोटा आहे," त्यांनी जाहीर केले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कार्यालयातली लोखंडी प्रमाणित वजने घरी आणली आणि एकेक करून काट्यावर ठेवली. काटा दर वेळी बरोबर निघाला. रतीभरही इकडे नाही, तिकडे नाही. आयुष्यात पहिल्यांदाच एक काटा खरा निघाल्याचे गुंजसाहेबांना मनापासून दुःख झाले.

त्यांनी भात सोडला. काटा हलला नाही. त्यांनी साखर सोडली. काटा हलला नाही, घरचे हलले. कॉलेजात जाणारी मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही परत साखर खा, पण आमच्यावर ओरडू नका."

रात्री झोपेत त्यांना तळघर दिसे. तिथे गिऱ्हाईक नव्हते, पुडा नव्हता, टाळ्या नव्हत्या. होती ती झुरळे, आणि ती वजनात अगदी बरोबर होती.

सुटकेचा मार्ग आत्याबाईंनी शोधला. गुंजसाहेबांच्या या आत्या त्यांच्याकडेच राहत आणि त्यांना उठता बसता "अरे बाबा" म्हणत. एका सकाळी त्या बाथरूममधून बाहेर आल्या त्या गिरकी घेतच.

"अरे बाबा, मी तर लग्नात होते तेवढीच आहे की!"

"आत्या, लग्नात तुला कडेवर घेऊन फोटो काढलाय आतोबांनी," गुंजसाहेबांची बायको म्हणाली. "आज क्रेन लागेल."

"तुझा नसेल विश्वास. काट्याला विचार!"

गुंजसाहेब धावले. आत्याबाईंनी सोयीसाठी काटा कोपऱ्यात, पाणी जायच्या जाळीपाशी सरकवला होता. तिथे फरशी जाळीकडे उतरती होती. काट्याचे तीन पाय फरशीवर टेकले होते आणि चौथा जाळीच्या खोलगट जागेवर अधांतरी होता. त्या पायावर येणारा भार हिशोबात धरलाच जात नव्हता. गुंजसाहेबांना हे एका नजरेत कळले. इतकी वर्षे त्यांनी असलेच पाय पकडले होते.

त्यांनी दाराबाहेर पाहिले. मग हळूच काट्यावर चढले.

वजन प्रमाणात होते.

"बाबा, हे चक्क चीटिंग आहे," मुलगी दारातून म्हणाली.

"काटा तपासलेला आहे की नाही?"

"आहे."

"खरा आहे की नाही?"

"आहे, पण फरशी..."

"कायद्यात काट्याबद्दल लिहिलंय. फरशीबद्दल एक अक्षर नाही. आता बोलू नकोस, फोटो काढ. अंगठे नीट येऊ देत."

छायाचित्र सादर झाले. हेडक्लार्कने भिंग लावून अंगठे ओळखले, उजवा थोडा संशयास्पद वाटला, पण मान्य केला. गुंजसाहेबांची बाजारातली तपासणी शाबूत राहिली. प्रकरण इथेच मिटले असते. पण आठवडाभरात चार किलो उतरवणारा माणूस कार्यालयात लपून राहत नाही. उपनियंत्रकांनी त्यांना आत बोलावून दार लावून घेतले.

उपनियंत्रक हा गोल माणूस होता. परिपत्रकावर सही करताना मध्ये पोट आल्याने त्यांना मजकूर नीट दिसला नव्हता. तो आपल्यालाही लागू होतो, हे त्यांना नंतर कोणीतरी वाचून दाखवले.

"खरं सांगा," ते कुजबुजले, "काय खाता?"

गुंजसाहेब वरिष्ठांशी कधी खोटे बोलले नव्हते.

"फरशी, साहेब," ते म्हणाले.

संध्याकाळी उपनियंत्रक घरी हजर झाले. बायकोने चहा ठेवला, साहेब म्हणाले, "आधी मोजू, मग पिऊ." ते आत गेले. मग आतून असा आनंदाचा चीत्कार आला की आत्याबाईंच्या हातातली बशी निसटली.

"बसलो!" उपनियंत्रक ओरडत होते. "मी प्रमाणात बसलो! अहो, आकड्यानंतर दोन दशांश स्थळं दाखवतोय, खोटं कसं असेल?"

त्यांनी तीन कप चहा घेतला, तिन्ही साखरेचे. जाताना म्हणाले, "एवढी चांगली सोय तुम्ही एकट्याने वापरणं बरं दिसत नाही."

झाले! दुसऱ्या दिवसापासून कार्यालय बाथरूममध्ये भरू लागले. आवकजावक विभाग सकाळी, लेखा विभाग दुपारी. जिन्यावर बुटांचा ढीग पडे. लोक मोजे हातात घेऊन रांगेत उभे राहत आणि आत जाताना गंभीर, बाहेर येताना उड्या मारत. एक जाडजूड लेखापाल तर वजन पाहून इतका हलका झाला की त्याने आत्याबाईंचे दोन्ही हात धरून फुगडी घातली.

"अहो, माझ्या बाथरूममध्ये तुमचं अख्खं ऑफिस अनवाणी उभं आहे," बायको म्हणाली. "मी आंघोळ कुठे करू?"

"एवढ्या दिवसांत तुझं वजन किती कमी झालंय बघ ना."

"आंघोळ न करून माणूस मळतो, वाळत नाही! उद्या एक तरी माणूस आत दिसला, तर मी त्याच्या अंगावर नळ सोडीन."

तिने सोडला. भिजले ते नेमके उपनियंत्रक. त्यामुळे फरशी कार्यालयात हलवण्याचा निर्णय तातडीने झाला.

गवंडी आला. गुंजसाहेब त्याला म्हणाले, "फक्त फरशी काढायची नाही. उतार, जाळी, खड्डा, सगळं जसंच्या तसं उचलायचं."

"साहेब, खड्डा कसा उचलू?"

"भोवतालचं उचला, तो आपोआप येईल."

खड्डा आला. कार्यालयाच्या दर्शनी दालनात, प्रवेशद्वाराशीच, तो उतारासह बसवण्यात आला. पाणी नसलेली जाळी चमकवण्यात आली. शेजारी पितळी पाटी लागली: प्रमाणित फरशी. वजनकाटा गुंजसाहेबांच्या घरून भेट म्हणून घेण्यात आला. उपनियंत्रकांनी आदेश काढला की या फरशीवर दिसेल ते वजन खरे मानावे, इतरत्र दिसेल ते वैयक्तिक मत समजावे. जनतेलाही येता जाता वजन करून घेण्याची मुभा देण्यात आली आणि जनता आनंदाने वेडी झाली. भांडायला आलेली माणसे हसत बाहेर पडू लागली. शिवण उसवलेल्या कपड्यातले एक जोडपे तीनदा चढून उतरले आणि तिसऱ्यांदा उतरल्यावर त्यांनी परस्परांना मिठी मारली.

मग एके दिवशी किराणावाला आला. वजन करायला नव्हे. त्याच्या काखेत त्याचा तो सील ठोकलेला काटा होता.

"साहेब, फेरतपासणी पाहिजे."

"हा काटा जास्त दाखवतो. मी स्वतः पकडलाय."

"असेल. पण आदेश काय म्हणतो? या फरशीवर दिसेल ते खरं. मग माझा काटा फरशीवर ठेवा ना. की आता तुम्ही जमीन मोजायला लागलात?"

दालनात माणसे जमली. उपनियंत्रक केबिनबाहेर येऊन उभे राहिले. गुंजसाहेबांनी सील काढले, काटा जाळीपाशी ठेवला, चौथा पाय अधांतरी झाला, आणि त्यांनी त्यावर एक किलोचे प्रमाणित लोखंडी वजन ठेवले.

काटा जेवढा जास्त दाखवत होता, फरशी तेवढेच कमी करत होती. काट्यावर एक किलोचा आकडा उमटला. ना गुंजभर इकडे, ना तिकडे.

"वा!" उपनियंत्रक म्हणाले. "बघताय काय? शिक्का मारा."

"साहेब, हा काटा त्याच्या दुकानात गेला की..."

"गुंजसाहेब," उपनियंत्रक हळूच म्हणाले, "फरशी खोटी आहे असं तुम्हाला म्हणायचंय का? तसं असेल तर आपण सगळेच तळघरात जाऊ. तिथे एवढी जागा आहे का, ते आधी बघून घ्या."

गुंजसाहेबांनी आपल्या पोटाकडे पाहिले. शिक्का मारला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याच टाळ्या, त्यांच्या ओळखीच्या. फक्त या वेळी किराणावालाही वाजवत होता.

महिन्याभरात बाजारातले सगळे वाकडे काटे फरशीवर येऊन सरळ झाले. काही दुकानदारांचे काटे खरे होते. ते फरशीवर कमी दाखवू लागले, तेव्हा त्यांना सील ठोकण्यात आले. गुंजसाहेब रोज तपासणीला निघत. पण आता पकडण्यासारखे काही उरलेच नव्हते. जिथे तिथे त्यांचाच शिक्का.

एका सकाळी बायकोने त्यांना साखर आणायला धाडले. किराणावाल्याने पुडा भरला, काट्याने किलो दाखवला. गुंजसाहेबांनी पुडा हातावर घेतला आणि सवयीने डोळे मिटले. तळहाताने ताबडतोब निकाल दिला. दुकानातली गिऱ्हाइके पुढे सरकली. जुने दिवस परत यायला फक्त तोंड उघडायचा अवकाश होता.

"काय साहेब," किराणावाला काट्यावरचा शिक्का फडक्याने पुसत म्हणाला, "बरोबर आहे ना?"

गुंजसाहेबांनी डोळे उघडले.

"बरोबर आहे," ते म्हणाले, आणि हलका पुडा घेऊन जड पावलांनी घरी गेले.

पुढच्या वर्षी कार्यालयाने अभिमानाने जाहीर केले की नागरिकांची वजने प्रत्यक्षातही घटली आहेत. हे खरे होते. सगळ्यांच्याच घरात धान्य कमी येत होते. उपनियंत्रकांचे काम इतके वाखाणले गेले की शेजारच्या कार्यालयांनी फरशीच्या नकला मागवल्या, खड्ड्यासकट.

पुडे कमी भरतात हे कोणाच्या लक्षात आले नाही, असे मात्र नाही. सगळ्यांच्याच आले. संतापून लोक तक्रार करायला निघतातही. पण तक्रारीची खिडकी दालनाच्या पलीकडच्या टोकाला आहे आणि फरशी दारातच. आलोच आहोत तर बघू, म्हणून माणूस चढतो. आकडा पाहतो. पोट आत न घेताच हसतो. आणि तिथूनच घरी परत येतो.

खिडकीतला कारकून सांगतो की आजवर एकही तक्रार आलेली नाही. तुमचीच पहिली असेल म्हणून तो पेन उघडून बसला होता. मागच्या आठवड्यात तुम्ही दारापर्यंत आलेले त्याने पाहिले. तुमचे अंगठेही त्याच्या लक्षात आहेत.