कार्डाशिवाय जीप हलत नाही

आमच्या गावातून गरोदर बाई माहेरी निघाली, की दिगंबरमामा जीपसमोर उभे राहतात आणि हात पुढे करून म्हणतात, "कार्ड." नमस्कार नाही, चौकशी नाही. एसटीत तीस वर्षं कंडक्टरकी केली, निवृत्त झाले, पण तिकीट मागायची खोड काही गेली नाही. आता तिकिटाऐवजी दवाखान्याचं तपासणीचं कार्ड मागतात.

मी गावची आशा. उमरी तालुक्यातल्या या गावात गरोदर बायकांची नोंद, तपासण्या, गोळ्या हे माझं काम. मामांना ते त्यांचंच वाटतं. "पाचवा महिना कोरा? ताई, टप्पा चुकला की मुक्काम चुकतो," हे भर स्टँडवर, चार माणसांत मला ऐकवतात. एकदा तर एक बाई नुसतीच अंगानं भरलेली होती, तिलाही कार्ड मागितलं. तिची समजूत काढता काढता माझ्या नाकी नऊ आले.

गेल्या सोमवारी मनीषा निघाली. सातवा महिना, पहिलं बाळंतपण, रिवाजाप्रमाणे माहेरी, लातूरकडं. भाऊ न्यायला आलेला. ओटी भरून झाली, लाडवांचा डबा, उशी, सगळं जीपमध्ये चढलं. त्याच जीपनं मला गावातल्या आणखी दोघींना तपासणीला उमरीला न्यायचं होतं. तेवढ्यात मामा आडवे आले. कार्ड सासूच्या ट्रंकेत, लग्नाच्या शालूखाली. सरकारी शिक्का आहे म्हणून जपून ठेवलेलं. ट्रंकेची किल्ली सासऱ्याच्या करदोट्याला, आणि सासरा शेतात.

दीड तास जीप उन्हात उभी. ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकला. कागदानं कुठं बाळंतपण होतं, म्हणून सासू पुटपुटत राहिली. शेवटी माझंही डोकं फिरलं. "मामा, तुम्ही काय डॉक्टर लागून गेलात?"

"न्हाई ताई, कंडक्टर हाय," म्हणाले आणि तसेच उभे राहिले.

कार्ड आलं. मामांनी ते उघडून माझ्यापुढं धरलं. सिस्टरनं लाल शाईनं लिहिलं होतं: बीपी वाढलेला, दर आठवड्याला तपासणी. ते लिहिताना मी शेजारीच उभी होते. आणि त्या दिवशी लाडवांचा डबा मी स्वतःच्या हातानं जीपमध्ये ठेवला, कार्डाची आठवण मला झाली नाही. खोटं कशाला बोलू, लाज वाटली.

मनीषाच्या भावाला मामांनी ते पान दोनदा मोठ्यानं वाचायला लावलं. तो चढल्यावर मी हळूच म्हटलं, मामा, चुकलंच माझं, पण तुम्ही एवढं का मनाला लावून घेता?

मामा खाली बघत बोलले. "माझी सुमन किल्लारीला दिली होती. पहिल्या बाळंतपणाला मीच आणायला गेलतो. पिशव्या मोजून घेतल्या, कार्ड न्हाई विचारलं. दवाखान्यात डॉक्टर विचारत राहिले, आधी बीपी वाढला होता का. मी म्हणलो, न्हाई. कार्ड आलं ते तिच्या दहाव्याला. त्याच्यावर असंच लाल लिहिलेलं."



"तीस वर्षांत बिगरतिकिटाचं एक माणूस गाडीत बसू दिलं न्हाई, ताई," ते म्हणाले. "तिला बसू दिलं."

मी जीपमध्ये चढले. मामांनी मागच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या, डबल बेल दिल्यासारख्या, आणि जीप निघाली.