काचेतलं समाधान

स्टुडिओवाल्यांनी एके दिवशी ठरवून टाकलं, आता माणसांचे फोटो काढायचे ते त्यांच्या नकळत. पासपोर्टसाठी येणाऱ्यांना "हनुवटी खाली, डोळे उघडे" सांगून सांगून त्यांचा जीव विटला होता. स्टुलावर बसला की चांगला हसरा माणूससुद्धा पोलिसांनी धरून आणल्यासारखा दिसतो, असं त्यांचं मत होतं. (स्वतःच्या लग्नाच्या फोटोत तेही तसेच दिसतात, पण तिथे स्टूल नव्हतं.)

तेव्हा कॅमेरा गळ्यात अडकवून स्वारी रस्त्यावर उतरली. कोपऱ्यावरच्या सलूनच्या काचेतून त्यांना एक गृहस्थ दिसले. डोक्याला आणि मिशांना काळा कलप थापलेला, गळ्याभोवती पांढरं कापड, डोळे मिटलेले आणि चेहऱ्यावर असं सुख, की बघणाऱ्यालाही पेंग यावी. स्टुडिओवाल्यांनी बटण दाबलं. संध्याकाळपर्यंत तो फोटो दरवाजाएवढा होऊन दुकानाच्या दर्शनी काचेत लागलासुद्धा. खाली झोकदार अक्षरात नाव, 'समाधान'.

बायकोने कॉम्प्युटरवरून मान वर केली. "चेहरा ओळखीचा वाटतोय हो."

"कलेत सगळेच चेहरे ओळखीचे वाटतात," हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो चेहरा स्वतःच दुकानात आला. कलप धुतलेला, केस कुळकुळीत काळे. पलीकडच्या शाळेचे मुख्याध्यापक! स्टुडिओवाले धडपडत उभे राहिले. शाळेच्या सगळ्या वर्गांचे ग्रुप फोटो दरवर्षी तेच काढायचे, आणि त्या एका कामावर दुकान तग धरून होतं.

"सर, आईशप्पथ, मी तुम्हाला ओळखलंच नाही."

"बाकी सगळ्यांनी ओळखलं," सर म्हणाले. "आज सकाळी मी शिस्तीवर बोलत होतो आणि अख्खी शाळा माझ्या डोक्याकडे बघत होती. पहिलीतल्या एका मुलीने तर विचारलं, सर, रंग वाळला का?"

"पण किती नैसर्गिक आलाय, सर. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही डोळे उघडले असते."

"उघडले असते. आणि नाही म्हणालो असतो."

सरांचा आवाज जराही चढला नव्हता, म्हणून तर स्टुडिओवाल्यांना जास्तच लाजल्यासारखं झालं. डोकं त्या माणसाचं, डुलकी त्या माणसाची, आणि आपण ती परस्पर रस्त्यावर टांगून मोकळे झालो.

"चुकलं, सर," असं म्हणत त्यांनी मुकाट्याने फोटो उतरवला.

"आता काच ओकीबोकी दिसते," सर म्हणाले. "तिथे तुमचा लावा. तेवढाच मोठा आणि तितकाच नैसर्गिक. महिनाभर राहू दे. मग ग्रुप फोटोंचं बोलू."

एवढ्यावर भागतंय म्हटल्यावर स्टुडिओवाले खूश. त्यांनी झटपट कोट चढवला, भांग पाडला, स्टुलावर बसले आणि हनुवटी खाली घेतली.

"हा नैसर्गिक?" सरांनी विचारलं.

"थांबा, सर," बायको म्हणाली आणि तिने आपला मोबाइल काढला. "माझ्याकडे यांचे बरेच आहेत."

काम वाचलं. काचेत हल्ली स्टुडिओवाले सोफ्यावर पसरलेले दिसतात. भोकाभोकांचा बनियन, वासलेलं तोंड, एक पाय सोफ्याच्या पाठीवर. येणारे-जाणारे थांबतात, लेकरांना उचलून दाखवतात. परवा पासपोर्टसाठी आलेल्या एका गिऱ्हाइकाला त्यांची दया आली.

"वहिनी, असा फोटो काढायचा म्हणजे निदान त्यांना विचारायचं तरी."

"विचारलं की," बायको म्हणाली. "दोनदा विचारलं. दोन्ही वेळा 'हं' म्हणाले आणि पुन्हा घोरायला लागले."