'प'चा ड्रम

नातीला वाचायला मीच शिकवायचं, असं मी ठरवलं. (दोन वर्षांपूर्वीपर्यंत माझे असले निर्णय माझी बायको सरोजिनी जागच्या जागी रद्द करायची. आता अडवायला कुणी नाही.) मनस्विनी चार वर्षांची. तिची आई, म्हणजे माझी मुलगी मंजुषा, शेंद्र्याच्या कंपनीत नोकरीला. त्यामुळं दिवसभर घरात आम्ही दोघंच.

बालवाडीच्या बाईंनी बजावलं होतं, "काका, अक्षराची घाई नको. आधी कानाला आवाज कळू द्या." म्हणून आम्ही खोक्याचा खेळ सुरू केला. जिचं नाव 'प'नं सुरू होतं ती वस्तू खोक्यात, बाकीच्या बाहेर. पण मी पडलो तीस वर्षांचा रेकॉर्ड कारकून. लेबल नसलेलं खोकं मला बघवेना. मार्करनं त्यावर ठळक 'प' काढला, तेव्हा कुठं जेवण गोड लागलं.

त्या दुष्काळी उन्हाळ्यात पडेगावात टँकर आठवड्यातून एकदा यायचा. शहर आमच्या दारापर्यंत आलं होतं. नळ मात्र वाटेतच कुठंतरी थांबला होता. घरात दोन ड्रम, एक वापरायच्या पाण्याचा, एक पिण्याच्या. पिण्याच्या ड्रमवर 'प' लिहिणारा शहाणाही मीच.

मंगळवारी टँकर आला. बुधवारी दुपारी माझा डोळा लागला. उठून बघतो तर मनस्विनी ड्रमपाशी स्टुलावर उभी, कोपरापर्यंत ओली.

"आजोबा, खोकं भरलं. म्हणून मोठ्यात टाकलं."

आत पेन्सिली, पंचांग, माझा पट्टा, पायमोजे, पायपुसणं. पावडरच्या डब्याचं झाकण निघालं होतं, त्यामुळं सगळं पाणी दुधासारखं. आठवड्याचं पिण्याचं पाणी, आणि पुढचा टँकर सहा दिवसांनी.

रागावायला तोंड उघडलं, पण बाहेर भलतंच आलं. "बूट नाही टाकलेस?"

"त्यांना बू आहे," ती म्हणाली. मी अडाणी असल्यासारखी.

एकही वस्तू चुकली नव्हती. पायपुसणं, पट्टा हे शब्द मी कधी शिकवलेच नव्हते. त्या पांढऱ्या पाण्यावर मधोमध सरोजिनीचा पोळपाट तरंगत होता. दोन वर्षांत कुणी तो खिळ्यावरून काढला नव्हता. आम्ही पोळ्या बाहेरूनच आणतो.

"हा कशाला काढलास, बाळा?"

"त्यात दोन आहेत." तिनं पोळपाटावर बोट टेकवलं. "एक पुढं आणि एक आत लपलाय. पो-ळ-पा-ट."

आत लपलेला आवाज शोधायला तिला कुणी सांगितलं होतं? मी तर नाही. पन्नाशी उलटेपर्यंत त्या पोळपाटावरच्या पोळ्या खाल्ल्या, पण मला एकसुद्धा 'प' ऐकू आला नव्हता. मी स्टुलाशेजारी जमिनीवर बसलो आणि तिला आणखी चार शब्द विचारले. पाण्याचं मी साफ विसरलो.

संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरलेली मंजुषा तांब्या घेऊन ड्रमकडे गेली, तेव्हा आठवलं. तिनं आत डोकावून तांब्या खाली ठेवला. मग शांतपणे म्हणाली, "बाबा, कळशी घ्या आणि आशाबाईंकडं तुम्ही जा. मी नाही जाणार."

शेजारच्या आशाबाईंनी सगळं ऐकून घेतलं, कळशी भरली.

"पोरगी लई हुशार हाय, काका."

"व्हय." माझी मान जरा ताठ झाली.

"तिला रोज धाडा आमच्याकडं. आमच्या नातवालाबी शिकवंल." कळशी माझ्या हातात देऊन त्यांनी आपल्या ड्रमवर झाकण ठेवलं, झाकणावर पाटा ठेवला. "तुमी नका येऊ."