चिलखतावरचे डाग

मागच्या वर्षी मी देवापुढे हात जोडून बोलले होते, "ह्यांचा जीव कशात तरी रमू दे. रमला, तर त्या दिवसापासून वर्षभर मी ह्यांना 'कशाला?' म्हणून विचारणार नाही."

नवस मी आयुष्यात पुष्कळ बोलले. (लेकीच्या परीक्षेसाठी चहातली साखर सोडली होती. ती पास झाली, नोकरीला लागली, तिला बढतीसुद्धा मिळाली. साखर पुन्हा कधी सुरू करायची ते नवसात ठरवायचं राहून गेलं, म्हणून अजून बिनसाखरेचाच पिते.) पण हा 'कशाला'चा नवस सगळ्यांत अवघड निघाला.

बोलायची वेळ आली ती अशी. हे वजनमापं तपासायच्या खात्यात होते. छत्तीस वर्षं दुकानोदुकानी फिरून तराजू तपासले. निवृत्त झाले आणि खुर्चीत बसले ते बसलेच. भिंतीवरचं घड्याळ रोज अर्धं मिनिट मागे पडतं, एवढं एकच वाक्य ते महिनाभर बोलत होते. लेक सुट्टीला आली आणि तिने मला ओढत स्वयंपाकघरात नेलं.

"आई, बाबा बासरी शिकतो म्हणाले. तू काय म्हणालीस? कशाला! मासे पाळू म्हणाले. कशाला! सहलीला जाऊ म्हणाले..."

"अगं, तेव्हा घराला रंग द्यायला काढला होता!"

"कशाला?" लेक म्हणाली.

त्याच संध्याकाळी दिवा लावून मी नवस बोलले. पळवाट राहू नये म्हणून 'का' आणि 'कशासाठी' हेही आत घातले. देव इतक्या तातडीने ऐकेल असं मात्र वाटलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी लेकीने टीव्हीवर एक जुनी मालिका लावली. अंतराळातली लढाई, दिव्यांची लखलख आणि खूप आरडाओरडा. मला त्यातलं काही कळेना. अचानक हे उठून उभे राहिले. (महिन्याभरात पहिल्यांदा, जेवणाखेरीज.)

"थांबव! तो बघ, मागच्या ओळीतला तिसरा सैनिक. त्याच्या डाव्या खांद्याची पट्टी उजव्यापेक्षा बोटभर आखूड आहे!"

तो सैनिक अकरा सेकंद दिसतो. एक शब्द बोलत नाही आणि शेवटी पडतो. पण ह्यांचा चेहरा दिवा लागल्यासारखा उजळला. "मला ह्याचं चिलखत करायचंय," हे म्हणाले. "तंतोतंत."

माझी जीभ टाळूला लागली होती. 'क' अर्धा बाहेर आला होता. मी तो खोकल्यात बुडवला.

तिथून आठ महिने आमच्या घरात काय चाललं होतं, ते मला अजून नीटसं सांगता येणार नाही. फोमचे जाडजूड तक्ते आले. माझी इस्त्री गेली, ती फोमला बाक द्यायला. टीव्हीवर तोच सैनिक गोठून उभा, आणि हे पडद्याला फूटपट्टी लावून उभे. चित्र कळकट दिसायचं, म्हणून मी पडदा रोज ओल्या फडक्याने पुसायची. सैनिक तसाच कळकट. म्हटलं, जुनी मालिका, रंग उडाले असतील.

एकदा म्हणाले, "मला गुंडाळ." अंगाचं माप घ्यायला आधी पातळ प्लास्टिक, वर चिकटपट्टी, गळ्यापासून कमरेपर्यंत. मी विचारलं नाही, गुंडाळलं. हात आत गेले आणि दाराची बेल वाजली. शेजारीणबाई वाटीभर साखर मागायला आल्या होत्या. त्यांनी ह्यांच्याकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या कात्रीकडे.

"काय हो, भांडण झालं का?"

"नाही हो. माप घेतेय."

"कशासाठी?"

आता हे मलाच कुठे माहीत होतं! "ते म्हणाले, गुंडाळ," मी म्हटलं. त्या साखर न घेताच गेल्या.

शेवटी एक गोष्ट मात्र कळली. अशी चिलखतं घालणाऱ्यांची शहरात एक पलटण आहे. ही मंडळी महिन्यातून एकदा मुलांच्या दवाखान्यात जाऊन आजारी पोरांना हसवतात. त्या पलटणीत घ्यायला परीक्षक वर्षातून एकदाच येतात आणि पडद्यावरच्या फोटोशी चिलखत ताडून बघतात.

"छत्तीस वर्षं मी लोकांना पास-नापास करत आलो," हे एकदा खांद्याची पट्टी घासता घासता म्हणाले. "आता एकदा मला कुणी तरी पास करावं गं."

त्या संध्याकाळी दिवा लावताना मी आणखी एक छोटा नवस जोडला. (तो काय, ते पुढे येईलच. मला नवस नाही, संयम हवा होता.)

चिलखताला आधी चंदेरी रंग लागला. काय देखणं दिसत होतं! मग हे न्हाणीघरातून टूथपेस्ट घेऊन आले. मला बरं वाटलं. चांदी मीही टूथपेस्टनेच घासते. पण ह्यांनी कडेकडेने पेस्टचे ठिपके लावले आणि ते न पुसता वरून चक्क हिरवा रंग फासला! दुसऱ्या दिवशी फडक्याने चोळलं, तर जिथे जिथे पेस्ट होती तिथे तिथे रंगाचे टवके उडाले. झालं! पेस्ट पुसायची विसरले, मी मनात म्हटलं. आता वय झालं, सांगायचं तरी कसं? वर ह्यांनी काळपट पाणी ओतलं आणि खाचाखाचांत मळ बसवला. निस्तरायला गेले आणि आणखी बिघडलं, असा माझा समज.

"हे डाग बघितलेस?" ह्यांनी विचारलं.

"बघितले हो."

"तीन आठवडे गेले ह्यांच्यापायी. परीक्षकांना दिसतील ना गं?"

"मुळीच नाही दिसणार," मी ठामपणे म्हटलं. "मी आहे ना!"

ह्यांचा चेहरा एवढासा झाला. मला वाटलं, गहिवरले.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी हे केस कापायला गेले. तो माझा छोटा नवस हाच: परीक्षेआधी ह्यांच्या चिलखताची सेवा मी माझ्या हातांनी करीन, आणि बोलून दाखवणार नाही. मी भांड्यांचा साबण घेतला, जुना दातांचा ब्रश घेतला, कोमट पाणी घेतलं. खाच न् खाच घासली. काळं पाणी निघालं, तीन बादल्या. टवके उडाले होते तिथे डब्यात उरलेला हिरवा रंग बारीक कुंचल्याने लावला. मग कोरड्या फडक्याने पुसलं. चिलखत असं चमकायला लागलं की त्यात माझं तोंड दिसत होतं. (फारच समाधानी दिसत होतं.)

हे आले. दारातच उभे राहिले. चिलखताकडे बघितलं, बादलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. आणि आठ महिन्यांत आमच्या घरात कुणी न उच्चारलेला शब्द ह्यांनी उच्चारला.

"कशाला?"

ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. जाऊन खुर्चीत बसले आणि घड्याळाकडे बघायला लागले.

मी लेकीला फोन लावला. सगळं ऐकून ती आधी हसली, मग रडल्यासारखं काही तरी केलं.

"आई! तो सैनिक दहा वर्षं लढतोय. त्याचं चिलखत मळकं, टवके उडालेलंच आहे. बाबांनी एकेक डाग फोटो बघून मुद्दाम घातला होता!"

"टूथपेस्टसुद्धा मुद्दाम?"

"सुद्धा!"

मी फोन ठेवला. आयुष्यभर डाग काढले आणि एका दुपारी असा डाग लावला की निघणं कठीण. बाहेर आले तर हे अजून घड्याळच बघत होते.

"अर्धं मिनिट मागे आहे," हे म्हणाले.

तेव्हा मात्र मी हललेच. ह्यांनी पडद्यावरून घेऊन भिंतीवर चिकटवलेले सगळे फोटो काढून टेबलावर मांडले, चष्मा लावला आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा त्या सैनिकाकडे नीट बघितलं.

"अहो, इकडे या. ही काजळी तुम्ही इथे मधोमध लावली होती ना? चुकलं होतं."

"काय?"

"हात जिथे रोज लागतो ते लख्ख राहतं. मळ बसतो कडेला, खिळ्याच्या मागे, जिथे फडकं पोचत नाही तिथे. फोटोत बघा, तसंच आहे. आणि हा ओघळ गंजाचा नाही, चहाचा वाटतो. चहाचा डाग कडेला गडद असतो, मध्ये फिका."

हे भिंग घेऊन फोटोवर वाकले. बराच वेळ वाकूनच राहिले.

"अगं, हे मला आठ महिन्यांत दिसलं नाही!"

"कधी भांडी घासली असतीत तर दिसलं असतं."

हे हसले. खुर्चीतून उठले आणि टूथपेस्ट आणायला गेले.

त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून घाण केली. ह्यांनी टवके उडवले. मी तव्याच्या पाठची काजळी खरवडली, उकळलेल्या चहाचं पाणी ओघळू दिलं, खिळ्यांमागे बोटाने मळ भरला. हात आखडत होता हो! एकेक डाग घालताना मनात माफी मागत होते. जेवायच्या वेळेपर्यंत चिलखत असं झालं की माझ्या आईने घरात घेतलं नसतं.

सकाळी दहाला एका मोठ्या खोलीत परीक्षा होती. परीक्षक दोन. एक दातांचे डॉक्टर, दुसरे शाळेच्या बसचे ड्रायव्हर. डॉक्टर दात बघायचा छोटा आरसा खाचांत घालून बघत होते, ड्रायव्हर फोटो ताडत होते. हे आत घामाने निथळत उभे. मी बाजूला, दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलेली.

"ह्या टवक्यांना टूथपेस्ट?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो."

"चांगली वापरलीय." मग आरसा खिळ्यामागे गेला आणि तिथेच थांबला. "हा मळ कुणी भरला? असा मळ मी इतक्या वर्षांत कुणाच्या कामात बघितला नाही."

ह्यांनी शिरस्त्राण माझ्याकडे वळवलं. "आमच्या हिने," आतून आवाज आला. त्यात केवढा अभिमान होता! पास! डाव्या गुडघ्याची आणि पट्ट्याची, अशा दोनच दुरुस्त्या सांगून पास!

मी आनंदाने उठले, आणि तेवढ्यात ह्यांच्या शिरस्त्राणावर कुणाच्या तरी अंगठ्याचा ठसा दिसला. हात माझा, सवय माझी, पर्समधलं फडकंही माझंच. मी पुढे होऊन वाकले, तोच डॉक्टर ओरडले, "थांबा! हलू नका!"

मी वाकलेलीच थांबले. ड्रायव्हरसाहेबांनी भराभर फोटो उलटले. त्या अकरा सेकंदांत, ह्यांच्या सैनिकाच्याही मागे, कोपऱ्यात एक बाई यानाची भिंत पुसत होती. तसाच वाक, तसंच फडकं.

"कपाळावरची आठीसुद्धा तीच," ड्रायव्हर म्हणाले. "बाई, तुम्ही पण अर्ज केलाय का?"

"नाही हो, मी तर घरून अशीच आलेय."

"तंतोतंत," डॉक्टरांनी कागदावर शिक्का मारला. "एकही दुरुस्ती नाही."

ह्यांना पास व्हायला आठ महिने लागले, दोन दुरुस्त्या निघाल्या. मी एका मिनिटात पास. (ह्यांचं म्हणणं, माझी तयारी लग्नापासून चौतीस वर्षं चालू होती.)

आता दर महिन्याला आम्ही मुलांच्या दवाखान्यात जातो. हे पुढे ठुमकत चालतात, पोरं टाळ्या वाजवतात, मी मागे माझ्या पोशाखात, म्हणजे माझ्या नेहमीच्याच कपड्यांत. पहिल्याच खेपेला एक नर्स लगबगीने माझ्याकडे आली. मला वाटलं, हिला माझ्यासोबत फोटो काढायचाय.

"मावशी," ती म्हणाली, "तेवढा खिडकीखालचा कोपरा राहिलाय."

मी तो पुसला. चांगला पुसला.

नवसाचे अजून दोन महिने शिल्लक आहेत आणि काल घरात फोमचे नवे चार तक्ते आलेत. पण खुर्ची रिकामी आहे, आणि ह्यांनी ते घड्याळसुद्धा दुरुस्त केलंय. म्हणून सांगते, तुमच्याही घरात कुणी खुर्चीत बसून राहिलं असेल तर माझ्यासारखा नवस बोला. एक वर्षाचा, जमत नसेल तर एक महिन्याचा. आजच बोला, दिवा लावायच्या वेळेला. कशाला, ते मात्र विचारू नका.