गुलमोहराचे डोहाळजेवण

सन १९९९च्या उन्हाळ्यात शहरातली हिरवाई नुसत्या डोळ्यांनी बघणे शासकीयदृष्ट्या अपुरे ठरले. परदेशी पाहुणे येणार होते आणि त्यांना टक्केवारी लागते, असे वरून कळले होते. म्हणून नारायणगुड्यात ‘हिरवाई मापन कक्ष’ उघडला आणि तिथे श्रीनिवासची तांत्रिक सहायक म्हणून नेमणूक झाली. त्याने तीन महिन्यांचा कॉम्प्युटर कोर्स केला होता. कॉम्प्युटरवरचे कव्हर काढायचे धाडस कक्षात फक्त त्याच्यात होते.

श्रीनिवासने तेरा ओळींचा प्रोग्राम लिहिला. गच्चीवरून काढलेला गल्लीचा फोटो कॉम्प्युटरमध्ये घालायचा. ज्या ठिपक्यात लाल आणि निळ्यापेक्षा हिरवा रंग जास्त, तो ठिपका मोजायचा. बाकीचे सोडून द्यायचे. काम साधे होते, आणि त्याला त्याचा भारी अभिमान वाटला.

पहिल्याच मोजणीत मलकपेठेतली एक गल्ली बासष्ट टक्के हिरवी निघाली. तिथे झाड औषधालाही नव्हते. उन्हासाठी लोकांनी हिरव्या ताडपत्र्या बांधल्या होत्या. श्रीनिवासने कक्षप्रमुख रंगारावसाहेबांना हे भीत भीत सांगितले.

“झाड कू कायकू देखते, श्रीनिवास? टक्का देखो,” साहेब म्हणाले आणि त्यांनी त्या गल्लीत अधिकाऱ्यांचा अभ्यासदौरा पाठवला.

मग परिपत्रक निघाले. प्रत्येक गल्लीने महिनाअखेर तेहतीस टक्के गाठावेत; जे हिरवे नाही व आड येते, ते हटवावे. पंधरा दिवसांत भिंती, पाण्याच्या टाक्या आणि एका वकिलाची स्कूटर हिरवी झाली. रोपे कुणीच लावली नाहीत, कारण रोप गच्चीवरून दिसायला फार वर्षे लागतात.

इथवर श्रीनिवास मजेत होता. मग त्याच्या काचीगुड्याच्या घरी नोटीस आली. अंगणातल्या गुलमोहराच्या लाल फुलांमुळे गल्ली सव्वीस टक्क्यांवर अडली असून, सदर वृक्ष सोमवारच्या फेरमोजणीत लालच आढळल्यास तोडण्यात येईल. खाली सही श्रीनिवासचीच होती. नोटिसा निघाल्या त्या दिवशी त्याने चाळीस कागदांवर न वाचता सह्या ठोकल्या होत्या.

त्याची आई मालनबाई सारा उन्हाळा त्या झाडाखाली बाज टाकून काढायची. घरात पत्र्याखाली तिला धाप लागे.

“तुझ्या मशीनला झाड दिसत नाही का रे?”

“ठिपके दिसतात, आई.”

“मग त्याला चष्मा आण. झाड गेलं तर मी बसू कुठं, तुझ्या ठिपक्यात?”

श्रीनिवास तसाच कक्षात धावला.

“साब, एक लाइन बदलता हूँ. गुलमोहर बच जाता.”

“प्रोग्राम कमिटी में पास हुआ,” साहेब शांतपणे म्हणाले. “झाड किस कमिटी में पास हुआ, बोलो?”

घरी आल्यावर बायको लीलाने त्याला पाणी दिले आणि ती म्हणाली, “अहो, परेशान कायकू होता? गल्लीत प्रत्येकीच्या ट्रंकेत डोहाळजेवणाची हिरवी साडी पडून आहे.”

रविवारी साऱ्या गल्लीने ट्रंका उपसल्या. चोवीस साड्या फांद्याफांद्यांवर चढल्या. शेजारच्या तारामतीबाईंनी तर आता नेसवलीच आहे म्हणून गुलमोहराची ओटीही भरली.

सोमवारी मोजणीला साहेब जातीने आले. त्यांनी वर पाहिले. एका फांदीवरून जरीचा काठ लोंबत होता.

“ये वरायटी कौन सी है?”

“सुधरी हुई वरायटी है, साब,” श्रीनिवास म्हणाला.

गल्ली अठ्ठावन्न टक्के भरली. पहिले बक्षीस मिळाले, नोटीस रद्द झाली. संध्याकाळी साड्या घड्या होऊन ट्रंकांत गेल्या आणि मालनबाई पुन्हा बाजेवर बसून चहात पडलेली लाल पाकळी बोटाने काढू लागली. श्रीनिवासला आपल्या प्रोग्रामपेक्षा त्या पाकळीचा अधिक आनंद झाला, हे त्याने कक्षात कुणाला सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी बक्षीसपात्र गल्लीचा फोटो वर्तमानपत्रात आला. तिसऱ्या पानावर, काळा-पांढरा. शहरभर वाचकांनी तो डोळे भरून पाहिला आणि “काय हिरवंगार केलंय हो!” म्हणून माना डोलावल्या. त्यांत तुम्हीही होता.