डोरीन पग्नेशस ठरते

डोरीन विटकॉम्बच्या हातात वार्षिक अहवाल पडला तेव्हा ती भोपळा चिरत होती. टास्मानियाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या एका वृद्धाश्रमात ती एकोणीस वर्षं स्वयंपाक करत होती आणि या काळात तिनं कुणाला उलट उत्तर दिल्याचं कुणाला आठवत नव्हतं. सलग सहा नाताळ तिला सुट्टी नाकारली, तेव्हाही ती "हरकत नाही" एवढंच म्हणाली होती. अहवालात व्यवस्थापक लॅकलन प्राउसनं एकच ओळ लिहिली होती : 'डोरीन अतिशय पग्नेशस आहे.'

शब्द भारदस्त होता. घरी जाऊन तिनं तो नवऱ्याला दाखवला. मर्व्हचा निम्मा जन्म शब्दकोडी सोडवण्यात गेला होता.

"हे चांगलं असतं ना रे?"

"कुणाबद्दल लिहिलंय?"

"माझ्याबद्दल."

मर्व्ह इतका हसला की चहा मांडीवर सांडला. "अगं, पग्नेशस म्हणजे बाह्या सरसावून मारामारीला उभा असलेला! गुत्त्यातल्या दारुड्यांना म्हणतात, चावऱ्या कुत्र्यांना म्हणतात. आणि तू? तू माशीलासुद्धा खिडकी उघडून देतेस!"

डोरीनला हसू आलं नाही. तिनं शब्दकोश काढून पाहिला. तोही मर्व्हच्याच बाजूचा निघाला. मग तिनं लॅकलनला पत्र लिहिलं. चार वेळा खोडलं. शेवटच्या खर्ड्यात 'कृपया' पाच वेळा आलं होतं.

लॅकलन तिशीतला, सदा घाईत असलेला. पत्र वाचून तो चकितच झाला. "अगं डोरीन, कौतुक केलंय मी तुझं! ओव्हन बंद पडला तरी सत्तर माणसांचं जेवण वेळेवर काढतेस. किती चिवट आहेस!"

"त्याला टेनेशस म्हणतात, लॅकलन."

त्यानं फोनमध्ये पाहिलं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"मग बदलशील ना?"

"आता अहवाल होबार्टला मुख्य कचेरीत गेला गं. बदलायचा तर मला शब्द कळत नाहीत असं लिहून द्यावं लागेल. जाऊ दे ना. वाचतंय कोण?"

वाचलं. पत्र नियमाप्रमाणे अहवालाला जोडलं गेलं आणि शेजारी शेजारी ठेवल्यावर दोन्ही कागद एकमेकांना शोभून दिसू लागले. 'मला उत्तराची अपेक्षा आहे' या वाक्याखाली कुणीतरी लाल रेघ ओढली. सोमवारी हुकूम आला : चौकशी होईपर्यंत स्वयंपाकघरातल्या सुऱ्या कुलपात.

आता भोपळा चिरायचा तर परिचारिकेला हाक मारायची, तिनं कुलूप काढायचं आणि चिरून होईपर्यंत दारात उभं राहायचं. परिचारिकेला तिची कामं होतीच. जेवण चाळीस मिनिटं उशिरा निघालं, म्हातारी माणसं कुरकुरली आणि 'कामात अडथळा' अशी नवी नोंद झाली.

त्या दुपारी एक्क्याण्णव वर्षांच्या आल्फ पेनहॅलिगननं मटार नकोत म्हणून ताटली सरकवली. डोरीन जवळ येताच त्यानं ती घाईघाईनं परत ओढली. "खातो, खातो. रागावू नकोस, बाई."

तो थट्टा करत नव्हता. डोरीन कोठारात गेली आणि पिठाच्या पोत्यावर बसून रडली. गेली आठ वर्षं ती आल्फच्या ताटात मटार न वाढायचं लक्षात ठेवत आली होती. आज वाढणारी बाई नवी होती.

चौकशीला होबार्टहून फिलिपा स्ट्रँग नावाच्या बाई आल्या. आवाज मधाळ, हातात जाड फाईल.

"तुम्ही स्वतःला भांडखोर समजता का?"

"नाही."

"म्हणजे अहवाल तुम्हाला मान्य नाही." बाईंनी लिहून घेतलं. "विरोध आहे."

"विरोध नाही हो. शब्द चुकलाय. लॅकलन, सांग ना त्यांना!"

लॅकलन खिडकीबाहेर समुद्राकडे पाहत होता. "मी विचार करूनच लिहिलं होतं," तो म्हणाला.

तेव्हा डोरीन उठली. खुर्ची मागे पडली. "खोटारडा! शब्दाचा अर्थ मी सांगितला तुला! सहा नाताळ तुमच्या भट्टीपाशी काढलेत मी, आईच्या शेवटच्या दिवशीसुद्धा इथं ग्रेव्ही ढवळत होते! कुणाला चकार शब्द बोलले नाही!" टेबलावर तिची मूठ आपटली आणि फिलिपाबाईंचं पेन उडून खाली पडलं.

बाईंनी ते उचललं आणि त्या बराच वेळ लिहीत बसल्या. जाताना त्यांनी लॅकलनचा हात हातात घेतला. "नेमकं निरीक्षण. असे व्यवस्थापक कमी मिळतात."

डोरीनला सक्तीचा राग-आवर वर्ग लागला. लॉन्सेस्टनला, सहा मंगळवार.

पहिल्या मंगळवारी ती अर्धा तास आधीच पोचली. बाकीचे सातजण त्याहून आधी येऊन, हात मांडीवर ठेवून बसले होते. एक शाळेची मदतनीस, एक टपालवाला, एक ग्रंथालयातला पोक्त गृहस्थ. तिला पाहताच तिघं खुर्ची द्यायला उठले.

शिक्षक आला आणि दार धाडकन लावून गरजला, "चला, कोण आधी बोलणार?"

"तुम्ही बोला," टपालवाला डोरीनला म्हणाला.

"छे, तुम्ही आधी आलात."

"नको नको, या ताईंना बोलू द्या," ग्रंथालयवाले म्हणाले.

"माझं काय घाईचं नाही हो," मदतनीस पुटपुटली.

पाच मिनिटं झाली तरी कुणीच पुढं होईना. शिक्षकानं वैतागून वही उघडली आणि पहिल्या पानावर लिहिलं : 'आठहीजण कमालीचे हेकट.'